उदार, सढळ आणि उधळा : इंग्रजी शब्दांचा जमाखर्च

इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील एखाद्या मुलाला 'स्टिंजी' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारला, तर तो क्षणात 'जनरस' असे उत्तर देतो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. तोच प्रश्न पेढीवर बसलेल्या चार व्यवहारी माणसांना विचारला, तर उत्तरे निराळी येतात. कोणी 'लिबरल' म्हणतो, कोणी 'लॅव्हिश', तर कोणी 'स्पेंडथ्रिफ्ट'. चौघांच्याही मनात अर्थ साधारण एकच असतो : कंजूष नसलेला, हातातून पैसा सुटणारा. प्रत्यक्षात या शब्दांत दान देणारा आहे तसा दिवाळखोरीच्या वाटेवर असलेलाही आहे. रोजमेळात खर्च झालेला रुपया आणि दान दिलेला रुपया एकाच बाजूला लिहिले जातात, परंतु खतावणीत त्यांची खाती वेगळी असतात. इंग्रजी भाषेने ही खाती बारकाईने वेगळी ठेवली आहेत. ती नीट वाचता आली, तर भाषा सुधारतेच. शिवाय माणसे ओळखण्याचे एक मापही हाती येते.

आरंभ कंजूष या शब्दापासूनच करणे योग्य. 'स्टिंजी' या शब्दाचे नाते 'स्टिंग' म्हणजे डंख या शब्दाशी असावे, असा कोशकारांचा अंदाज आहे. 'मायझर' या शब्दाची कथा अधिक स्पष्ट आणि अधिक बोधक आहे. लॅटिन भाषेत 'मायझर' म्हणजे दीन, दुःखी, कीव करण्याजोगा मनुष्य. 'मिझरेबल' आणि 'मिझरी' हे शब्द त्याच घरातले. पैसा असूनही दरिद्र्यासारखे जगणारा तो मायझर, असा अर्थ पुढे रूढ झाला. आश्चर्य असे की, संस्कृतातील 'कृपण' या शब्दाचा प्रवासही नेमका असाच आहे. कृपण म्हणजे मुळात दयनीय, कृपेला पात्र असा दीन. कंजूष हा अर्थ त्यातूनच आला. एकमेकांपासून दूर वाढलेल्या दोन भाषांनी कंजूष मनुष्याला दुष्ट न म्हणता बिचारा म्हटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता विरुद्ध बाजू. कंजूषपणाच्या उलट काय, हे ठरवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे लागतात. मनुष्य स्वतःवर खर्च कसा करतो? आणि दुसऱ्यासाठी त्याचा हात कसा चालतो? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात आणि येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन एल्वीस नावाचा एक धनाढ्य जमीनदार होऊन गेला. तो 1714 मध्ये जन्मला, 1772 पासून बारा वर्षे बर्कशायरचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये बसला आणि 1789 मध्ये मरण पावला, तेव्हा त्याने मागे ठेवलेली संपत्ती सुमारे पाच लाख पौंडांची होती. मेणबत्ती जळू नये म्हणून तो अंधार पडताच अंथरुणाला पाठ टेकत असे. भाड्याची गाडी न करता पावसातून पायी चाले. घोड्यावरून जाताना टोलनाके चुकवी आणि नाल झिजू नये म्हणून रस्त्याकडेच्या गवतावरून घोडा हाकी. चार्ल्स डिकन्सने 1843 मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिताना स्क्रूज या कंजूष सावकाराचे पात्र रंगवले, त्यामागे एल्वीस असावा असे अनेक जण मानतात. परंतु एल्वीसच्या हिशेबाची दुसरी बाजू पाहिली की, मनुष्य एकदम वेगळा दिसू लागतो. ओळखीच्या लोकांना तो मोठमोठ्या रकमा उसन्या देई. एका उमरावाला घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेसाठी पैसे कमी पडत आहेत असे कळताच, त्याने न मागता 7,000 पौंड देऊ केले. दिलेले पैसे परत मागणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असे त्याचे मत असल्यामुळे यांतील बऱ्याच रकमा बुडाल्या.

एल्वीसला कोणता शब्द लावावा? स्वतःच्या बाबतीत तो मायझर होता, यात शंका नाही. मित्रांच्या बाबतीत मात्र 'स्टिंजी' हा शब्द त्याला लागू पडत नाही. उलट बाजूचे उदाहरण तर आजही शोधावे लागत नाही. स्वतःच्या मोटारीवर आणि मेजवान्यांवर पाण्यासारखा पैसा ओतणारा, पण दिवाणजीच्या पगारात शंभर रुपये वाढवताना तीन महिने विचार करणारा मनुष्य एकाच वेळी लॅव्हिशही असतो आणि स्टिंजीही. तात्पर्य, खर्चिकपणा हा कंजूषपणाच्या उलट नाही. कंजूषपणाच्या उलट आहे ते देणे.

हा भेद लक्षात आला की 'थ्रिफ्ट' आणि 'फ्रूगल' हे शब्द योग्य जागी बसतात. 'थ्रिफ्ट' हा शब्द 'थ्राइव्ह' म्हणजे भरभराटणे या क्रियापदापासून आला. जपून वापरल्यामुळे झालेली वृद्धी, हा त्याचा मूळ भाव. 'फ्रूगल' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील फळ आणि उत्पन्न या अर्थाचा शब्द आहे. 'इकॉनॉमिकल' या शब्दात ग्रीक भाषेतील घर आणि व्यवस्था हे दोन शब्द दडलेले आहेत. नीट चालवलेला संसार असा त्याचा अर्थ. हे तिन्ही शब्द प्रशंसेचे आहेत. काटकसरी मनुष्याला इंग्रजीत 'स्टिंजी' म्हणणे हे भाषेच्या दृष्टीने चुकीचे आणि त्या माणसावर अन्याय करणारे आहे. ठिगळ लावलेला सदरा वापरणारे, पण नात्यातील तीन मुलांच्या शिक्षणाची फी गुपचूप भरणारे आजोबा अनेक घरांत असतात. नातवंडे त्यांना हसत 'मायझर' म्हणतात. त्यांच्यासाठी खरे शब्द दोन आहेत आणि ते एकत्र वापरता येतात : फ्रूगल आणि जनरस.

येथे विद्यार्थ्यांना फसवणारा एक शब्द सांगणे आवश्यक आहे. 'स्पेंडथ्रिफ्ट' या शब्दात 'थ्रिफ्ट' ऐकू येते, म्हणून अनेक मुले त्याचा अर्थ काटकसरी असा लिहितात. प्रत्यक्षात या जोडशब्दात 'थ्रिफ्ट' म्हणजे साठवलेली पुंजी आणि 'स्पेंड' म्हणजे ती उडवणे. पूर्वजांची पुंजी उडवणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. तो 'थ्रिफ्टी'च्या विरुद्ध आहे. 'स्टिंजी'च्या विरुद्ध म्हणून त्याला उभे करता येत नाही.

आता देणाऱ्यांच्या खात्याकडे वळावे. सर्वांत परिचित शब्द 'जनरस'. त्याच्या मुळाशी लॅटिन 'जीनस' म्हणजे कुळ, वंश हा शब्द आहे आणि आपल्या 'जन' व 'जन्म' या शब्दांशी त्याचे नाते आहे. सोळाव्या शतकातील इंग्रजीत 'जनरस' म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. पुढे कुळाची जागा मनाच्या मोठेपणाने घेतली आणि हळूहळू 'सढळ हाताने देणारा' हा अर्थ स्थिर झाला. मराठीत एखाद्याला 'खानदानी माणूस' म्हणताना जसा वंशापेक्षा वागणुकीचा गौरव होतो, तसाच हा प्रवास आहे. 'लिबरल' या शब्दाचे मूळ 'स्वतंत्र', म्हणजे कोणाचाही गुलाम नसलेला, असे आहे. ग्रीक भाषेत उदारतेसाठी वापरला जाणारा शब्दही 'स्वतंत्र' या शब्दावरूनच घडला आहे. आज 'लिबरल' शब्दाला राजकीय अर्थ चिकटल्यामुळे एखाद्या दात्याला नुसते 'लिबरल' म्हटले, तर त्याच्या देणगीपेक्षा त्याच्या मतांविषयी बोलणे चालले आहे, असा समज होण्याचा संभव असतो. 'लिबरल डोनेशन' हा प्रयोग मात्र अद्याप निर्धोक आहे.

'ओपन-हँडेड' हा शब्द मराठी वाचकाला परका वाटणार नाही, कारण 'मुक्तहस्त' हा त्याचा जणू जुळा भाऊ. त्याच्या उलट 'टाइट-फिस्टेड' म्हणजे मूठ आवळून बसलेला. हाताच्या या दोन स्थितींनी दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचवली.

उदारतेचे मोजमाप कसे करावे, याचा शिस्तशीर विचार ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात केला आहे. त्याच्या मते उदारता हा मध्य आहे. तिच्या एका टोकाला उधळपट्टी आणि दुसऱ्या टोकाला कृपणता. दानाचा आकडा पाहून उदारता ठरत नाही, देणाऱ्याच्या ऐपतीच्या प्रमाणात ती ठरते. म्हणून कमी देणाराही अधिक उदार असू शकतो. चुकीच्या मार्गाने मिळवून योग्य जागी देणाऱ्याला तो उदार मानत नाही. त्याचे आणखी एक निरीक्षण व्यापाऱ्यांना पटेल असे आहे : उधळ्या मनुष्य वयाने किंवा गरिबीने सुधारू शकतो, कृपणता मात्र सहसा बरी होत नाही.

मोठ्या सार्वजनिक दानासाठी इंग्रजीत एक भारदस्त शब्द आहे, 'म्युनिफिसंट'. त्यातील 'म्युनस' या लॅटिन शब्दाचे अर्थ तीन : कर्तव्य, अधिकारपद आणि भेट. नगराच्या कामाचा भार उचलणे आणि नगराला भेट देणे या गोष्टी रोमन लोकांना एकाच शब्दात सांगाव्याशा वाटल्या. 'म्युनिसिपल' हा शब्द त्याच कुळातला. हा भार ज्याला माफ आहे तो 'इम्यून', आणि जे तो भार वाटून घेतात त्यांची 'कम्युनिटी'. समाज या अर्थी रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दाच्या मुळाशी सामायिक कर्तव्य आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा शब्द ज्यांना शोभून दिसतो अशांपैकी एक नाव मुंबईच्या इतिहासात ठळक आहे. प्रेमचंद रायचंद हे सुरतेहून आलेल्या जैन कुटुंबातील व्यापारी. कापसाच्या तेजीत त्यांनी अमाप संपत्ती मिळवली आणि 1865 च्या मंदीत त्यांना प्रचंड फटका बसला. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. 1878 मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नावाने 'राजाबाई टॉवर' म्हणून ओळखला जातो. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घड्याळाच्या ठोक्यांवरून कळावी, हा त्यामागील हेतू होता असे सांगितले जाते. कलकत्ता विद्यापीठातही त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती 1866 पासून आहे. सट्ट्यातील त्यांच्या धाडसाला 'एक्स्ट्रॅव्हगंट' म्हणणारे म्हणोत. विद्यापीठांना दिलेल्या देणग्यांना मात्र 'म्युनिफिसंट' हाच शब्द योग्य.

'बाउंटिफुल' या शब्दात चांगुलपणा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. भरघोस पीक, भरलेली कोठारे, यांसाठी तो उत्तम. पण माणसांच्या बाबतीत तो जपून वापरावा लागतो. जॉर्ज फार्कर याच्या 1707 मधील एका नाटकात 'लेडी बाउंटिफुल' नावाची एक प्रेमळ, श्रीमंत स्त्री होती. पुढे हे नाव मोठेपणा मिरवत उपकार करणाऱ्या स्त्रीला टोमण्याने लावले जाऊ लागले. 'लार्जेस' या शब्दालाही आता असाच वास आहे. वरच्या पायरीवर उभे राहून खाली फेकलेली खैरात, असा. घेणाऱ्याची मान खाली जात असेल, तर देण्यासाठी वापरलेला चांगला शब्दही कालांतराने मळतो, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

'चॅरिटी' या शब्दाच्या मुळाशी 'प्रिय' असा अर्थ आहे. 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात ज्या ठिकाणी 'चॅरिटी' आहे, तेथे नंतरच्या अनुवादांनी 'लव्ह' हा शब्द घातला. कायद्याच्या क्षेत्रात या शब्दाने निराळी वाट धरली. इंग्लंडमध्ये 1601 साली झालेल्या कायद्यात वृद्ध, दरिद्री व आजारी यांना साहाय्य, शाळा, अनाथांचे शिक्षण, एवढेच काय पूल आणि रस्त्यांची दुरुस्ती हेही धर्मादाय हेतूंमध्ये मोजले होते. महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्ताला परिचित असलेले 'चॅरिटी कमिशनर' हे पद 1950 च्या कायद्याने आले, परंतु त्यातील शब्दाची वंशावळ अशी जुनी आहे. 'चॅरिटेबल' या विशेषणाचा पैशाशी संबंध नसलेला एक सुंदर उपयोगही आहे. दुसऱ्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावणे याला इंग्रजीत 'चॅरिटेबल व्ह्यू' म्हणतात. खिशातून एक पैसाही न काढता करता येण्याजोगे हे दान आहे.

'फिलँथ्रॉपी' म्हणजे ग्रीक अर्थाने मानवप्रेम. पण आज हा शब्द योजनाबद्ध, मोठ्या रकमेच्या दानासाठी राखीव झाला आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अँड्र्यू कार्नेगी यांचे. स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे 1835 मध्ये विणकराच्या घरी जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत पोलादाचा सम्राट झाला. श्रीमंतीत मरणे लाजिरवाणे आहे, अशा आशयाचे मत त्यांनी 1889 मध्ये मांडले आणि पुढे सुमारे 35 कोटी डॉलर वाटून टाकले. त्यांच्या पैशांतून 2,509 ग्रंथालये उभी राहिली. गावाने जागा द्यावी आणि दरवर्षीच्या खर्चाची हमी घ्यावी, ही त्यांची अट असे. परंतु 1892 मध्ये त्यांच्याच होमस्टेड येथील कारखान्यात मजुरी कपातीवरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, माणसे मेली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते. बारा-बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्या मजुराने ग्रंथालयात केव्हा जावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कार्नेगी फिलँथ्रॉपिस्ट होते, याविषयी दुमत नाही. ते आपल्या मजुरांशी जनरस होते काय, याचे उत्तर मात्र वेगळे येते. जगाला देणारा हात घरच्या नोकरापर्यंत पोहोचतो का, हे पाहिल्यावाचून शब्द निवडू नये.

आता ज्या खात्यात लक्ष द्यावे लागते ते खाते. 'लॅव्हिश' हा शब्द मुसळधार पावसासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला; पैशांचा पाऊस पाडणे, असे मराठीतही म्हणतातच. 'एक्स्ट्रॅव्हगंट' म्हणजे हद्दीबाहेर भटकणारा. 'प्रॉडिगल' म्हणजे हाकलून देणारा, उडवून टाकणारा. बायबलातील एका कथेत धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागतो, दूरदेशी जाऊन तो उडवतो आणि उपाशी होऊन परततो; बाप त्याला छातीशी धरतो. या कथेमुळे 'प्रॉडिगल सन' म्हणजे घरी परतलेला मुलगा, असा चुकीचा समज सर्वत्र पसरला आहे. शब्दाचा अर्थ उधळ्या एवढाच. परतणे हा कथेचा भाग आहे. लग्नपत्रिकेपासून मंडपापर्यंत सर्व काही 'लॅव्हिश' होते, असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याने पाऊस किती पडला हे सांगितलेले असते. त्यातून पीक किती आले, हे त्या शब्दात नसते.

शेवटचा शब्द सर्वांत मोठा आहे : 'मॅग्नॅनिमस'. मॅग्नस म्हणजे महान, ॲनिमस म्हणजे मन. आपला 'महामना' हा शब्द याच घडणीचा. पैशाशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. जिंकल्यावर हरलेल्याला न हिणवणारा, अपमान गिळून समोरच्याला मोठेपणाने वागवणारा, भागीदारीतील फाटाफूट विसरून जुन्या भागीदाराच्या मुलाला उभे करणारा, तो मॅग्नॅनिमस. येथे भाषाशास्त्र एक वेगळाच धागा दाखवते. लॅटिन 'डोनम' आणि संस्कृत 'दान' हे एकाच मूळ धातूपासून निघालेले सख्खे शब्द. त्याच धातूपासून 'डोनेशन' आले, औषधाचा 'डोस' आला आणि दिलेली माहिती या अर्थी 'डेटा'ही आला. 'पार्डन' या शब्दातही तेच 'दान' आहे. पूर्णपणे देऊन टाकणे, असा त्याचा अर्थ. 'फरगिव्ह' या शब्दातही 'गिव्ह' आहेच. क्षमा हे एक देणे आहे, ही गोष्ट इंग्रजी भाषेने दोनदा नोंदवून ठेवली आहे. आहारदान, औषधदान आणि ज्ञानदान यांच्याच पंक्तीत अभयदान बसवणाऱ्या व दरवर्षी क्षमापना करणाऱ्या वाचकांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यवहारात उपयोगी पडावेत म्हणून हे शब्द थोडक्यात पुन्हा मांडता येतील.

जनरस : कोणत्याही दात्यासाठी निर्धोक शब्द. पैसा, वेळ, कौतुक, सर्वांना चालतो. कोणी संस्थेसाठी राबला असेल, तर 'जनरस विथ हिज टाइम' असे अवश्य लिहावे.

म्युनिफिसंट : रुग्णालय, वसतिगृह, ग्रंथालय अशा मोठ्या आणि सार्वजनिक दानासाठीच. पाचशे रुपयांच्या वर्गणीसाठी वापरल्यास थट्टा वाटते.

अनस्टिंटिंग आणि अनग्रजिंग : हात आखडता न घेता, कुरकुर न करता दिलेले. साहाय्य आणि प्रशंसा यांना विशेष शोभणारे.

चॅरिटेबल : न्यास, हेतू आणि दृष्टी यांसाठी.

लॅव्हिश : मेजवानीसाठी चालेल, देणगीदाराच्या आभारपत्रात टाळावा.

स्पेंडथ्रिफ्ट आणि प्रॉडिगल : दोन्ही दूषणे. कौतुक म्हणून कधीही वापरू नयेत.

फ्रूगल आणि थ्रिफ्टी : दोन्ही भूषणे. घरातील वडीलधाऱ्यांना लावण्यास योग्य.

मॅग्नॅनिमस : क्षमा करणाऱ्यासाठी राखून ठेवावा.

वार्षिक अहवालात, आभाराच्या फलकावर किंवा श्रद्धांजलीच्या चार ओळींत यांपैकी कोणता शब्द कोणाच्या नावापुढे बसतो, हे लिहिणाऱ्याने थांबून ठरवावे. रक्कम पावतीवर लिहिलेलीच असते. ती कोणासाठी दिली, कशातून दिली आणि घेणाऱ्याची मान ताठ राहिली की नाही, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या, तर योग्य शब्द शोधण्यासाठी कोश उघडावा लागत नाही.